न आलेला अंक

२००५ च्या उन्हाळ्यात मी जर्सी सिटीत होतो. सहा महिन्यांचं काम म्हणून कंपनीने पाठवलेलं, ते पुढे लांबतच गेलं. खोलीपासून पाथ ट्रेनच्या स्टेशनाकडे जाताना वाटेत कॉमिक्सचं एक बोळकंडीएवढं दुकान लागायचं. मालक साठी ओलांडलेला, बोलायला तुटक. एका बुधवारी (तिकडे नवे अंक बुधवारी येतात) पाऊस चुकवायला म्हणून आत शिरलो, तो त्याचं गिऱ्हाईकच झालो.

कॉमिक्सचा नाद मला अण्णांनी, म्हणजे वडिलांनी लावलेला. ते एसटीत कंडक्टर. सांगली-मुंबई गाडीवर ड्यूटी लागली की मुंबई सेंट्रलच्या फुटपाथवरून इंद्रजालचे जुने अंक आणायचे. वेताळाच्या अंगठीची कवटी एकदा मी मार्किंगच्या शाईने गालावर काढून घेतली. ती आठवडाभर निघाली नाही. आईची बोलणी मात्र अण्णांनी खाल्ली. हे मी दुकानदाराला सांगितलं. ली फॉकचा फँटम सांगलीत वेताळ होऊन मराठी बोलायचा, याचं त्याला इतकं अप्रूप वाटलं, की माझ्यासाठी अंक बाजूला ठेवायच्या खोक्यावर त्याने माझ्या नावाऐवजी ‘फँटम’ असंच लिहिलं.

जूनमध्ये मार्व्हलची ‘हाउस ऑफ एम’ सुरू झाली. लेखक ब्रायन मायकल बेंडिस, चित्रं ऑलिव्हिए क्वापेलची. वांडा मॅक्सिमॉफ, म्हणजे स्कार्लेट विच, आपली जुळी मुलं गमावून बसलेली. तिचं काय करायचं हे ठरवायला ॲव्हेंजर्स आणि एक्स-मेन एकत्र जमतात. पण तिचा भाऊ पिएत्रो तिला गळ घालतो आणि ती सगळं जगच बदलून टाकते. नव्या जगात म्युटंट राज्य करतात, त्यांचा सर्वेसर्वा मॅग्नेटो, आणि ज्याच्या त्याच्या मनातली इच्छा पुरी झालेली. पीटर पार्करचं, म्हणजे स्पायडरमॅनचं, लग्न ग्वेन स्टेसीशी झालंय, त्यांना एक मुलगा आहे, आणि अंकल बेन जिवंत आहेत. एरवी बेन गेले त्याच्या १९६२ च्या पहिल्याच गोष्टीत, ग्वेन १९७३ मध्ये. वोल्व्हरिनची इच्छा एवढीच, की आपलं सगळं गतायुष्य आपल्याला आठवावं. म्हणून या जगात जागा झालेला तो पहिला.

मूळ गोष्ट आठ अंकांची, पण तिच्या फांद्या बाकीच्या मालिकांमध्ये पसरलेल्या. क्रॉसओव्हर म्हणजे गिऱ्हाइकाचा खिसा हलका करायची जुनी युक्ती. हा म्हातारा मात्र म्हणाला, “आठ घे, बाकीच्यांवाचून काही अडत नाही.” बेंडिसची माणसं मधल्या अंकांत फार बोलतात, हेही त्याचंच मत. मला पटलेलं.

जुलैच्या २५ तारखेला अण्णा गेले. तिकीट मिळालं आणि २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईचा विमानतळ बंद. शेवटी हैदराबादला उतरून, बस बदलत बदलत मिरज गाठलं तो पाचवा दिवस होता. अग्नी चुलतभावाने दिला होता. मी अण्णांना गेलेलं पाहिलंच नाही.

निघण्यापूर्वी दुकानात फोन केला होता, खोकं काढून टाका म्हणायला. “का?” त्याने विचारलं. मी सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “खोकं इथंच आहे.”

सप्टेंबरमध्ये परतलो. खोक्यात साचलेले अंक होते, पण मधला एक नव्हता. “आला नाही. वितरकाची गडबड,” तो म्हणाला. मी विश्वास ठेवला. त्या दिवसांत मी कशावरही विश्वास ठेवत होतो. रविवारी रात्री घरी फोन लावला, की पलीकडून पहिला ‘हॅलो’ अण्णांचाच येणार असं वाटायचं. आईचा आवाज आला की दर वेळी नव्याने कळायचं.

ऑक्टोबरात दुकानात माझ्यासारखाच दर बुधवारी येणारा एक पोरगा बोलून गेला, “तो अंक? तो तर ऑगस्टमध्येच आला.” तोच अंक, ज्यात लेला मिलर ही लहान मुलगी पीटरला खऱ्या जगाची आठवण करून देते. दोन्ही जगं त्याच्या डोक्यात एकदम शिरतात. बेन मेलेले आहेत, ग्वेन मेलेली आहे, आणि मुलगा तर कधी जन्मलाच नव्हता. तो कोसळतो, मग वांडाच्या जिवावर उठतो.

म्हाताऱ्याने तो अंक वाचून बाजूला काढून ठेवला होता. तीन डॉलरचं गिऱ्हाईक परतवण्यासाठी खोटं बोलणारा दुकानदार मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मी काही विचारलं नाही.

नोव्हेंबरात आठवा अंक आला. तोवर वांडाने जग परत फिरवलं होतं आणि जाता जाता लाखो म्युटंटांची शक्ती काढून घेतली होती. पिशवी हातात जड लागली म्हणून गाडीत बसल्यावर उघडली. आत दोन अंक. पावती एकाची, २ डॉलर ९९ सेंट अधिक कर. गाडी हडसनखालच्या बोगद्यात शिरली तेव्हा मी पीटरच्या पानावर होतो. समोरच्या बाईने काही न बोलता पर्समधून कागदी रुमाल काढून दिला.

पुढच्या बुधवारी मी गल्ल्याशेजारी तीन डॉलर ठेवले. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

“हे कशाचे?”

“त्या अंकाचे.”

“तो आलाच नाही,” असं म्हणून त्याने नोटा माझ्याकडे सरकवल्या आणि नवा गठ्ठा मोजायला घेतला.