पाकळ्यांचे यान

माणूस घर बांधतो ते आपल्या मापाने. दार आपल्या उंचीचे, पायरी आपल्या पावलाला झेपेल अशी. खुर्ची पाहिली, की बसणाऱ्याला गुडघे आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. मग परग्रहावरच्या प्राण्यांचे यान पाहून त्या प्राण्यांविषयी काही ओळखता येईल का? संगणकावरच्या एका खेळामुळे मला हा प्रश्न पडला.

त्या खेळाचे नाव 'एलीट'. डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी तो तयार केला आणि १९८४ साली तो बाजारात आला. ज्या संगणकासाठी तो लिहिला, त्याची मेमरी अवघी ३२ किलोबाइट होती. आज मोबाइलने काढलेला एक फोटोसुद्धा तेवढ्या जागेत मावत नाही! तरी त्यात ८ आकाशगंगा होत्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. याने मात्र नुसत्या सरळ रेषांनी काढलेली.

या खेळात माणसांच्या यानांना सापांची नावे आहेत. कोब्रा, पायथन, क्रेट. म्हणजे आपले नाग, अजगर आणि मण्यार. या यानांना पुढची बाजू असते, मागची बाजू असते. शत्रूचे नाव थारगॉइड. हे कीटकांसारखे प्राणी. त्यांचे यान अष्टकोनी. त्यातून लहान लहान याने बाहेर पडतात आणि हल्ला करतात. पण मोठे यान फुटले, की ती सारी जागच्या जागी निपचित होतात. त्यांत चालक नसतोच.

"मामू, आठच कोन का? आणि याचं तोंड कोणत्या बाजूला?" माझ्या भाच्याने विचारले.

प्रश्न साधा होता, पण मी त्यात गुंतलो. मासा पुढे पोहतो, म्हणून त्याचे तोंड पुढे. पक्षी हवा कापीत जातो, म्हणून त्याचे शरीर निमुळते. पण अवकाशात हवाच नाही. तेथे टोकाचा काय उपयोग? १९६९ साली अपोलो ११ मधील माणसे ज्या यानातून चंद्रावर उतरली, ते यान पाहा. त्याला ना पंख, ना टोक. चार पायांवर उभा असलेला जणू एखादा कोळीच! सिनेमातली याने विमानांसारखी गिरक्या घेतात, तेव्हा मला हसू येते. या बाबतीत थारगॉइड आपल्यापेक्षा शहाणे म्हणायचे.

समुद्रातला तारामासा तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्याला डावे-उजवे नाही, पुढे-मागे नाही. त्याचे भुज सगळ्या दिशांना सारखेच पसरलेले असतात. ज्याचे भक्ष्य कोणत्याही बाजूने येऊ शकते, त्याला असेच शरीर सोयीचे. थारगॉइड मुळात अशाच एखाद्या समुद्रातून आले असतील काय? आपल्याला दहा बोटे, म्हणून आपण दहाच्या हिशेबाने मोजतो. ते आठाने मोजत असतील. सातनंतर लगेच १० लिहीत असतील. त्यांच्या मुलांचे पाढे कसे असतील, देव जाणे!

भाचा कंटाळला. "एवढा विचार कशाला, मामू? शत्रूचं यान आहे. दिसलं की उडवायचं!"

मग मी त्याला पुढची हकिकत सांगितली. २०१४ साली हाच खेळ 'एलीट डेंजरस' या नावाने नव्या रूपात आला. थारगॉइड मात्र त्यात कोणालाच दिसत नव्हते. २०१७ च्या जानेवारीत एक खेळाडू एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे निघाला असताना त्याचे यान मध्येच थांबले. दिवे गेले, यंत्रे बंद पडली. अंधारातून एक प्रचंड यान हळूहळू समोर आले. आता ते नुसत्या रेषांचे राहिले नव्हते. आठ पाकळ्यांचे फूल उमलावे तसे ते दिसत होते! त्याने खेळाडूच्या यानावर प्रकाशझोत टाकला, त्याला न्याहाळले आणि एकही गोळी न झाडता ते निघून गेले.

त्याच वर्षी पुढे खेळात युद्ध पेटले, हे खरे. पण मला राहून राहून तो प्रकाशझोतच आठवतो.

"ते काय बघत होतं, मामू?" भाच्याने हळूच विचारले.

मी म्हणालो, "आपण त्यांच्या यानाकडे बघून जे करतो, तेच. नाक पुढे, इंजिन मागे, बसायला एक खुर्ची. ते म्हणाले असतील, 'या बिचाऱ्यांना एकाच बाजूचं दिसतं वाटतं!'"