टेंपल कोणाला जबाबदार होता?

चंद्रपूर

ती. बाबांस,

रिचर्ड टेंपल कर्तबगार होता हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पण तो कोणाला जबाबदार होता, हा प्रश्न मला चंद्रपूर-गडचिरोलीत फिरताना जास्त मोलाचा वाटतो. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि पुढच्याच वर्षी टेंपल त्याचा चीफ कमिशनर झाला. चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, त्याच्याच अमलाखाली होता. गोंडांविषयी स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने लिहून ठेवलेली टिपणे त्याच्या मृत्यूनंतर टेंपलनेच १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा इथल्या माणसांबद्दल तो अजाण नव्हता. तरीही त्याच्या काळात जोराने चाललेल्या जमाबंदीत गावे मालगुजारांच्या मालकीची झाली आणि गावाला लागणारी पडीक जमीन सोडून उरलेले रान सरकारजमा झाले. मोहफुलांवर आणि बांबूवर जगणाऱ्या माडिया-गोंडांचा त्या रानावरचा मालकीहक्क मान्य झाला नाही. धोरण कलकत्त्याचे, टेंपल फक्त हुकमाचा ताबेदार, असे तुम्ही म्हणाल. पण माझा मुद्दा तोच आहे: त्याला जाब विचारणारे सगळे वर बसले होते, रानात कोणीच नव्हते.

गडचिरोली

ती. बाबांस,

माणूस वाईट होता एवढ्यावर हे सुटत नाही. १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात याच टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि भूकबळी फार थोडे पडले. पण उधळपट्टीचा ठपका आला. १८७७ मध्ये मद्रास आणि मुंबई इलाख्यांत त्यानेच दुष्काळी कामांवरच्या मजुराचे धान्य दिवसाला एका पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोच्याही खाली आणले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने विरोध केला. त्याच साली तो मुंबईचा गव्हर्नर झाला. वरच्यांची मर्जी फिरली तशी त्याची दयाही आटली. यावर कोणी म्हणेल, गव्हर्नर निवडून आलेला असता तर असे झाले नसते. पण कॅलिफोर्नियाचा निर्वाचित गव्हर्नर पीटर बर्नेट याने १८५१ मध्ये विधिमंडळापुढे सांगितले की मूळ रहिवाशांचा वंश नामशेष होईपर्यंत युद्ध चालूच राहील. त्याला मते देणाऱ्यांत ते रहिवासी नव्हते. म्हणून नुसती निवडणूक पुरत नाही. ज्यांच्या जगण्यावर निर्णय होतो त्यांच्याच हाती नकाराचा हक्क लागतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून बांबू विकण्याचा निर्णय ग्रामसभा घेऊ लागली. ग्रामसभाही चुकेल, अशी शंका रास्त आहे. पण तिची चूक तिच्याच गावकऱ्यांना भोगावी लागते, म्हणून ती दुरुस्त व्हायला जवळजवळ दीडशे वर्षे लागत नाहीत. टेंपलच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना हीच कसोटी मला सर्वांत न्याय्य वाटते.

तुमची,
सुनंदा