पोरांची सावड

लहान मुलांच्या आईला सहज विचारून पाहा, 'ताई, तुम्ही स्वतःसाठी काय करता?' आधी ती हसेल. मग म्हणेल, 'पोरं झोपल्यावर करते की सगळं.' आणखी चौकशी केली तर कळेल, की पोरे झोपल्यावर ती उद्याची भाजी निवडते, गणवेश भिजत घालते, पाणी भरून ठेवते. हे सारे घराचेच काम आहे. तिच्या आवडीचे, तिच्या मनाला उभारी देणारे असे त्यात काहीच नाही.

मी जळगावात कारकुनी करते. माहेर धुळ्याचे. नाना गिरणीत होते, माय कापसाच्या जिनमध्ये कामाला जायची. मी बी.कॉम. झाले, नोकरी लागली, लग्न झाले, दोन मुले झाली. माझे मिस्टर आणि मी, दोघेही सामाजिक कामात. तेव्हा हा विषय मी बाहेरून पाहून लिहीत नाही.

नाना गायन पार्टीत पेटी वाजवीत. एप्रिल महिन्यात तर ते घरी सापडतच नसत. मला त्या पेटीचा लहानपणापासून नाद. पण पार्टीत पोरींना जागा नव्हती. नाना गेल्यावर मायने ती पेटी मला दिली. धुळ्याहून एस.टी.त मांडीवर घेऊन मी ती जळगावला आणली. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि मुलगा दीड वर्षाचा. पेटी आणली खरी, पण ती माळ्यावर गेली आणि दोन वर्षे तिच्यावर तांदळाचा डबा राहिला.

या दोन वर्षांत मी काही घरात कोंडून नव्हते. दिवसा ऑफिस, रविवारी महिला मंडळ, कधी मोर्चा, कधी कोणाच्या जातीच्या दाखल्यासाठी धावपळ. मी बैठकीला निघाले की सासूबाई पोरे सांभाळीत, कारण ते समाजाचे काम. पण आठवड्यातून दोन तास पेटी शिकायला जाते म्हटल्यावर घरात शांतता पसरली. 'दोन पोरांची आई झाल्यावर आता पेटी?' असे सासूबाई म्हणाल्या. त्या वाईट स्वभावाच्या नव्हत्या. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांना कोणी असे दोन तास दिले नव्हते, मग सुनेला ते का लागावेत, हे त्यांना कळत नव्हते. माझी मात्र रात्री झोप उडू लागली. सगळ्यांना माझ्याकडून काही ना काही मिळत होते आणि माझ्यापाशी माझे म्हणून काही उरत नव्हते.

मग मी कारकुनाचा मार्ग धरला. एका कागदावर मागच्या महिन्याच्या सगळ्या संध्याकाळी मांडल्या. मिस्टरांच्या बैठका, कार्यक्रम आणि मित्रमंडळी मिळून अकरा. माझ्या मंडळाच्या चार. पेटीच्या, शून्य. कागद त्यांच्यापुढे ठेवला.

'हे काय?' ते म्हणाले.

'घराचा ताळेबंद.'

'मी काय मौज करायला जातो का? समाजासाठीच जातो ना?'

'मी कुठं नाही म्हणते? पण त्या अकरा संध्याकाळी मी घरी होते, म्हणून तुम्ही जाऊ शकलात. त्या समाजाला तुम्ही दिल्यात, तशा मीही दिल्या. मग माझ्या नावावर जमा कुठं आहे?'

दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'मंगळवार आणि शुक्रवार, आठ ते नऊ. तेवढं मी बघतो.'

पहिले तीन आठवडे कठीण गेले. गल्लीतले एक म्हातारे आप्पा मला शिकवीत. मी त्यांच्या ओट्यावर सूर धरायची आणि इकडे मुलगा रडून आकांत करायचा. हे त्याला कडेवर घेऊन दारात उभे राहायचे. मनात यायचे, उठावे आणि जावे. आप्पा म्हणत, 'बाप आहे ना त्याच्याजवळ? तू सूर सोडू नको.' चौथ्या आठवड्यात रडणे थांबले. पोराला कोणत्या कुशीवर थोपटले की झोप येते, ताप चढायच्या आधी तो कसा किरकिरतो, हे त्यांना त्या दोन तासांमुळे कळले. आज तो मुलगा मोठा झाला आहे. काही सांगायचे असले की आधी वडिलांकडे जातो. त्या तासाचा लाभ मला झाला तसा त्या दोघांनाही झाला.

आमच्या जळगावात बाईच्या गुणांचा विषय निघाला की बहिणाबाई चौधरींचे नाव निघतेच. जन्म १८८० चा, आसोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरात तीन मुले, शिरावर शेती. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात काम करता करता त्या ओव्या रचीत. सभांमधून आपण सांगतो, 'बघा, घरकाम करतानाही त्यांनी काव्य केले, मग तुम्हाला वेळ का मिळत नाही?' मला हे सांगणे अर्धेच वाटते. त्यांच्या ओव्या आपल्यापर्यंत आल्या, कारण मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्या ऐकून कागदावर उतरवल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण जी ओवी उतरवून घ्यायला जवळ कोणी नव्हते, ती जात्याच्या घरघरीतच विरली असणार. अशा किती ओव्या गेल्या, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

दुसरे उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे. मोठा संसार, लहानसे दुकान. दुकानात पुडी बांधायला येणारे रद्दीचे कागद त्या वाचीत आणि फावल्या वेळात वहीत लिहीत. आपण लिहितो हे त्यांनी जवळजवळ वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून ते लेखन क्रमशः आले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. उर्मिला पवार यांनी सार्वजनिक बांधकाम खात्यातली नोकरी आणि तीन मुले सांभाळून एम.ए. केले. त्यासाठी घरात किती ओढाताण झाली, हे २००३ च्या 'आयदान'मध्ये त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे.

गुण तिघींच्याही ठायी होते आणि कष्टही तिघींनी केले. फरक पडला तो घरातल्या माणसांमुळे. एकीच्या मुलाने हातात लेखणी घेतली, एकीला वही दडवावी लागली, एकीला रोज झगडावे लागले. 'आवड असली की सवड मिळते,' असे लोक सहज म्हणतात. लहान मुलांच्या आईची सवड अशी आपोआप मिळत नाही. दुसऱ्या कोणीतरी तेवढा वेळ पोराला कडेवर घ्यावे लागते.

आकडे हा माझा रोजचा विषय, म्हणून सरकारी आकडेही पाहिले. माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी झाली. २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. तोही घरकाम करणाऱ्या पुरुषांचा. शंभरातले साधारण ७४ पुरुष त्या हिशेबात येतच नाहीत. २०२४ च्या पाहणीत बाईचा वेळ २८९ मिनिटांवर आला. वाटले, चला, दहा मिनिटे तरी सुटली. पुढे पाहिले तर पुरुषांचाही ९७ वरून ८८ झालेला. म्हणजे बाईची दहा मिनिटे सुटली, ती पुरुषाने उचलल्यामुळे नव्हे.

आपल्या चळवळीतल्या घरांना तर हा प्रश्न जास्तच लागू आहे. 'रमाईने घर सांभाळले म्हणून बाबासाहेब शिकू शकले,' असे आपण दर ७ फेब्रुवारीला म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण बाबासाहेबांनी ते ऋण उघडपणे मान्य केले. पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी बायकांना सांगितले, की पत्नीने नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये, आणि पोरांचा भार बेताचा ठेवावा. रमाईचा त्याग सुनेला गप्प करण्यासाठी सांगितला जातो, तेव्हा नागपूरचे हे भाषण सोयीस्करपणे विसरले जाते. कार्यकर्त्याच्या घरातली बाई वर्षानुवर्षे दार उघडून वाट पाहत बसते. तिचा तास कोणत्या ठरावात येतो?

आता कोणी म्हणेल, 'तुमचे मिस्टर समजूतदार निघाले. ज्यांचा नवरा दारू पितो, किंवा ज्यांना नवराच नाही, त्यांनी काय करावे?' प्रश्न बरोबर आहे. आमच्याच गल्लीत एक बाई चटईच्या कारखान्यात पाळीने जाते, दुसरी डाळ मिलमध्ये. एकीच्या घरी पोरांना बघणारे कोणी नाही. त्यांना कागदावरचा ताळेबंद दाखवून काय उपयोग?

आम्ही चार घरांनी मिळून सावड सुरू केली. शेतातली सावड आपल्याला ठाऊक आहे. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. पैशाचा व्यवहार नाही, पण फेड चुकवायची नाही. तशीच ही पोरांची सावड. रविवारी दुपारी दोन ते चार सगळी पोरे एका घरी. त्या दिवशी ते घर राखणीचे, बाकीच्या तिघी मोकळ्या. पुढच्या रविवारी दुसरे घर. महिन्यातून एकदा पाळी येते आणि तीन दुपारी आपल्या मिळतात. पाळीने जाणारीला रविवारी सुटी नसली तर तिची दुपार दुसऱ्या दिवशी लावतो. अडीच वर्षांखालचे मूल असेल तर राखणीला दोन मोठी माणसे लागतात, एकट्या बाईवर टाकायचे नाही. घरातल्या पुरुषाने त्या दुपारी घरी थांबायचे, हाही नियम आहे.

एक नियम सगळ्यात महत्त्वाचा. मिळालेल्या दोन तासांत काय केले, हे कोणी कोणाला विचारायचे नाही. डाळ मिलवाली पहिले चार महिने नुसती झोपली. गल्लीतल्या म्हाताऱ्या कुजबुजल्या, 'पोरं दुसऱ्याच्या घरी आणि ही बघा, घोरत पडली.' मी म्हटले, झोपू द्या. तिची कितीतरी वर्षांची झोप राहिली आहे. पाचव्या महिन्यात तिने मुलीची जुनी पाटी काढली आणि सही गिरवायला बसली. बँकेत अंगठा द्यायची तिला लाज वाटायची, हे आम्हाला तेव्हा कळले. आज ती सही करते. कोणी तिला शिकायला पाठवले नव्हते. आधी विश्रांती मिळाली, मग मनात काय आहे ते तिचे तिलाच सापडले.

सावड सरकारची जबाबदारी मात्र उचलू शकत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आपल्या बायका कामाला जातात तिथे किती ठिकाणी पाळणा हलतो, हे युनियनवाल्यांनी आणि मंडळांनी जाऊन पाहावे. अंगणवाडी दुपारीच सुटते आणि कामाची पाळी संध्याकाळी. मधले तास आजी नाही तर मोठी मुलगी भरून काढते, आणि त्या मुलीचा अभ्यास बुडतो. आईचा वेळ लेकीच्या वेळातून कापला तर आपण पुढे गेलो असे म्हणता येणार नाही.

तान्हे बाळ असलेल्या बहिणींना एक सांगते. पहिल्या वर्षी काही शिकले नाही, काही लिहिले नाही, म्हणून जीव कष्टी करू नका. त्या दिवसांत पोटभर जेवण आणि सलग झोप हीच तुमची गरज आहे, आणि तीही घरच्यांकडे मागायची असते. पण 'पोरे मोठी झाल्यावर बघू' असे मनाशी पक्के करू नका. एकाचे बालपण संपते तोवर दुसऱ्याचे सुरू होते, मग दहावी, मग लग्न, मग नातवंडे. धुळ्याची माझी माय तशीच पुढे ढकलत राहिली. तिचा गळा गोड होता. जिनमध्ये रुई वेचताना ती गायची, असे तिच्या सोबतिणी सांगतात. आम्हा भावंडांना तिचे एकही गाणे येत नाही, कारण घरी तिला गायला बसवणारे कोणी नव्हते.

बंधूंनो, तुमच्या पुढच्या महिन्याच्या बैठका कॅलेंडरवर लिहिल्या असतीलच. त्याच कॅलेंडरवर पत्नीच्या चार संध्याकाळी लिहा आणि त्या दिवशी पोरे तुमच्याकडे घ्या. सासूबाईंनो, तुम्हाला मिळाला नाही म्हणूनच सुनेला तो तास द्या, आणि एखादा स्वतःसाठीही मागा. आणि भगिनींनो, घरातून हात मिळत नसेल तर या रविवारी शेजारच्या दोन दारांची कडी वाजवा. सावड दोघींतही सुरू होते.