हेडफोनमधला पियानो

सरांच्या घरी, पुण्याच्या कॅम्पात, एक जुना अपराइट पियानो आहे. दर शनिवारी मी त्यावर वाजवते आणि दर शनिवारी माती खाते. कोथरूडला चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरी माझा डिजिटल पियानो आहे. त्यावर मी उत्तम वाजवते. निदान दोन वर्षं मला तसं वाटत होतं.

विकत घेताना मी इंजिनिअरला शोभेलशी एक्सेल शीट केली होती. खरा अपराइट म्हणजे दोनशे किलोच्या आसपासचं धूड, आमच्या लिफ्टमध्ये न मावणारं. आत दोनशेहून जास्त तारा. पावसाळ्यात लाकूड फुगणार, उन्हाळ्यात आकसणार, म्हणजे वर्षातून किमान एकदोनदा ट्यूनिंग. आणि मुख्य म्हणजे मी लॅपटॉप मिटते तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. त्या वेळी खरा पियानो वाजवला असता तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळीच मैफल रंगली असती. डिजिटलला हेडफोन लावता येतो. शीट तिथेच संपली.

लहानपणी मी पेटी शिकले होते. पेटीची पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज तेवढाच. जोर सगळा भात्यात. पियानोत सगळं बोटाच्या वेगावर. पट्टी खाली जाते, दाबलेल्या लोकरीचा छोटा हातोडा तारेकडे उसळतो, आणि तारेला लागायच्या किंचित आधी पट्टीचा त्याच्याशी संबंध सुटतो. शेवटचं अंतर तो स्वतःच्या वेगाने कापतो. वेग कमी पडला तर तारेपर्यंत पोचतच नाही, स्वर उमटत नाही. डिजिटलमध्ये सेन्सर हाच वेग मोजतो, त्याचा एक आकडा करतो (मिडीच्या हिशेबात 1 ते 127), आणि त्यानुसार स्वर वाजवतो. 127 पायऱ्या काही कमी नाहीत. निदान माझ्या बोटांना तरी पुरून उरतात.

माझी गडबड झाली ती आवाजाच्या बटणापाशी. हळुवार जागा मी हळुवार वाजवतच नव्हते. कानाला गोड लागेपर्यंत बटण फिरवून ठेवलं होतं. सरांकडे तेच बोट तसंच पडलं की खोली दणाणायची. घाबरून हलकं वाजवावं तर अधलेमधले स्वर गायब. ‘दाबतेस फक्त, ऐकत नाहीस,’ सर म्हणायचे. मला वाटायचं, त्यांचा पियानोच म्हातारा झालाय.

मग एकदा खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. “काय गं, रात्री काय कांडतेस?”

हेडफोनमुळे स्वर माझ्या कानात राहत होते, पण पट्ट्यांचे ठोके स्टँडच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरत होते. मी ओशाळून पियानो दाखवला. आजी म्हणाल्या, “अगं, मग गाणं कुठंय? आम्हाला नुसतं टकटक येतं.”

त्यांना खुर्ची दिली, हेडफोनची पिन काढली आणि वाजवायला बसले. हात थरथरायला लागले. दोन वर्षांत सरांखेरीज कोणी मला ऐकलंच नव्हतं. साताऱ्याला आईला फोनवर रोज सांगायचे, ‘प्रॅक्टिस झाली,’ तिनेही नाही. पहिल्याच ओळीत तीन चुका. आजी शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मधे एकदम अंगावर का येतं ते?” बरोबर तीच जागा, जी सरांकडे दणाणते.

डिजिटल घेतला याचा मला पश्चात्ताप नाही. खऱ्यासाठी थांबले असते तर अजून एक्सेलच उघडून बसले असते. पायांखाली जाड रबरी मॅट टाकली, ठोके बरेच कमी झाले. बटणाची एक जागा ठरवून तिथे टेपचा तुकडा चिकटवलाय. कितीही मोह झाला तरी ते हलवायचं नाही. रविवारी सकाळी अकराला हेडफोन न लावता वाजवते, फोन स्पीकरवर ठेवून. आई मधूनच कुकरच्या शिट्ट्या मोजते, पण ऐकते.

सरांकडे त्या हळुवार ओळीत अजून दोन स्वर गायब होतात. आधी पाच व्हायचे.