झाकलेले गुण

मी स्नानसंस्कार दिलेली एक मुलगी बालपणीच आईवडिलांसमवेत अमेरिकेत, न्यू जर्सीला गेली. वडील गोदामात रात्रपाळी करतात, आई वृद्धांची शुश्रूषा करते. २०२३ च्या अखेरीस तिने फोनवरून मला विचारले, "फादर, एसएटी परीक्षेत मला १६०० पैकी १४२० गुण आहेत. त्या कॉलेजात बहुतेकांना १५०० च्या वर असतात. गुण कळवणे ऐच्छिक आहे. कळवू की नको?"

"बाळ, आपली उणी बाजू आपणहून कशाला दाखवायची?" मी म्हणालो. तिने गुण कळवले नाहीत. तिला प्रवेश मिळाला नाही.

ही मुभा जुनीच आहे. मेन राज्यातील बोडन कॉलेजने ती १९६९ साली दिली. २०२० च्या महामारीत परीक्षा केंद्रे बंद पडली, तेव्हा बहुतेक नामांकित कॉलेजांनी तिचा स्वीकार केला. श्रीमंतांची मुले शिकवणी लावून परीक्षा पुनःपुन्हा देतात, गरिबांना ते परवडत नाही. तेव्हा या मुभेमागे सद्हेतूही होता.

मात्र कमी गुणांची मुले गप्प राहिली की कॉलेजने प्रसिद्ध केलेले आकडे फुगतात, आणि ते पाहून आणखी मुले गप्प होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजने परीक्षा पुन्हा सक्तीची केली. तेथील प्राध्यापकांच्या पाहणीत आढळले, की साधारण परिस्थितीतील कित्येक मुलांनी उपकारक ठरले असते असे गुण झाकून ठेवले होते. निवड करणारे विद्यार्थ्याची शाळा व परिसरही पाहतात. जिथे इतर मुले हजाराच्या आसपास असतात, तिथले १४०० त्यांच्या नजरेत भरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर प्रवेश देताना हे गुण कोणाचेच पाहत नाही. तेथे मौनाने कोणाचे नुकसान होत नाही. जिथे निवड विद्यार्थ्यावर सोपवलेली असते, तिथे मात्र जाणता सल्लागार ज्याला लाभतो, त्याचेच फावते.

हे वाचून मी अस्वस्थ झालो. गुण कळवले असते तर तिला प्रवेश मिळालाच असता, असे मी म्हणू शकत नाही. पण तिच्या कष्टांना मी उणी बाजू म्हटले, ते माझ्या अज्ञानामुळे. तसे मी तिला पत्राने कळवले. ती आता राज्य विद्यापीठात शिकते आहे. तिने उत्तरात माझ्या प्रकृतीची चौकशी तेवढी केली.

यंदा तिचा धाकटा भाऊ अर्ज करतो आहे. त्याने तोच प्रश्न विचारला, तेव्हा मी प्रथम एवढेच विचारले, "तुझ्या शाळेतल्या इतरांना किती मिळाले?"