उजेडाचं माप

मुलीनं ती माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा ती नुसती राखाडी होती. पायापासून डोक्यापर्यंत एकच रंग, आषाढातल्या आभाळाचा. उंची माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. एका हातात काठी, अंगावर घोट्यापर्यंतचा झगा आणि वाऱ्यानं उचललेला त्या झग्याचा एक काठ.

"आई, ही मी आहे, खेळातली जादूगारीण," मुलगी म्हणाली. "शनिवारी खेळायला न्यायचीय. तू रंगवून देशील?"

तिचा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली आणला. दोघंही मुळात टेबलावर चिमुकल्या सैन्यांच्या लढाया खेळणारे. त्यांच्याही साठ वर्षं आधी, १९१३ मध्ये, एच. जी. वेल्ससारख्या लेखकानं खेळण्यातल्या सैनिकांची युद्धं कशी लढावीत यावर आख्खं पुस्तक लिहिलं होतं. खेळणाऱ्यांच्या तोंडी या बाहुल्यांना एकच शब्द आहे, मिनी. माझ्याही तोंडी आता तोच बसला आहे.

मिनी थेट रंगवायला घेता येत नाही. आधी तिला साबणाच्या कोमट पाण्यानं आंघोळ घालायची, म्हणजे साच्याचा तेलकटपणा जातो. साच्याचे दोन भाग जुळतात तिथं अंगावर एक बारीक रेघ उठलेली असते. ती बोटाला कळत नाही, पण रंग चढला की जखमेच्या व्रणासारखी दिसते. पातं उभं धरून ती हलकेच खरवडायची. मग मिनी कशावर तरी चिकटवायची, म्हणजे रंगवताना तिला हात लागत नाही. मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घेतलं. त्यानंतर प्राइमर, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा पहिला हात. ठाण्यातल्या जुलैत मी तो गॅलरीत उभं राहून स्प्रेनं मारला. हवा इतकी दमट होती की झग्यावर रव्यासारखे कण उठले. ती मिनी गेली. मुलगी काही बोलली नाही, दुसरी घेऊन आली. तिला मी ब्रशनं लावायचा प्राइमर लावला.

रंगांचं एकच गुपित आहे आणि ते हातानंच शिकावं लागतं. शाळेत आपण पोस्टर कलर बाटलीतून काढून तसेच्या तसे कागदावर थापत होतो. इथं तसं केलं की नाकडोळे बुजतात, बोटांमधल्या फटी भरून जातात. ॲक्रिलिक रंग पाण्यानं पातळ ताकासारखा करायचा. पहिल्या हातात खालचा राखाडी दिसतच राहतो आणि मन घाबरतं. वाळू द्यायचं. दुसऱ्या हातात रंग भरतो, आणि प्रत्येक चुणी जागच्या जागी राहते. एका डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंगाचे थेंब ठेवले, तर एरवी पंख्याखाली पाच मिनिटांत वाळणारा रंग दुसऱ्या दिवशीही ओला सापडतो. रात्री भांडी आवरून झाली की तो डबा उघडताना मला काय वाटतं, ते विरजण लागलेलं बघणाऱ्या बाईला कळेल.

झगा निळा केला, काठी तपकिरी, केस पांढरे. रेघ कुठेही चुकली नव्हती. तरी ती बाई मेलेली दिसत होती.

मी तिला ट्यूबलाइटखाली धरून कितीतरी वेळ बघत बसले. या खेळात टेबलावरचा एक इंच म्हणजे पाच फूट, म्हणजे सगळं जग साठपट लहान झालेलं. माणूस लहान, काठी लहान, चुण्या अर्ध्या मिलिमीटरच्या. उजेड मात्र लहान झालेला नाही. माझी चार फुटांची ट्यूबलाइट तिच्या मापानं दोनशे चाळीस फुटांची होते. एवढा लांब दिवा डोक्यावर असला तर सावली पडणार कुठे? प्रत्येक चुणीत चारी बाजूंनी उजेड शिरतो आणि तिला भरून टाकतो. तुमच्या-माझ्या पदराच्या घडीत जो अंधार आपोआप येऊन बसतो, तो तिच्या झग्यात येतच नाही.

म्हणून तो रंगवावा लागतो. मिनी रंगवणं म्हणजे खरं तर हे. झगा निळा करणं हे निम्मंही काम नव्हे. त्या झग्यावर पडला असता तो उजेड आणि ती सावली आपण आपल्या हातानं द्यायची. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेननं लष्करी मॉडेलांसाठी ज्या दोन युक्त्या जगभर पोहोचवल्या, त्याच आजही नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा दिल्या जातात. एक म्हणजे काळपट रंगाचं अगदी पातळ पाणी अंगभर सोडायचं. ते उंचवट्यांवरून ओघळतं आणि खाचांत जाऊन थांबतं. पहिल्यांदा ते चुण्यांमधून उतरताना पाहिलं, तेव्हा मी मुलीला हाक मारून उठवलं होतं. दुसरी युक्ती उलटी: ब्रश फिक्या रंगात बुडवायचा, फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि अंगावरून नुसता फिरवायचा. फक्त उंच कडा रंग पकडतात. केसांच्या बटा, गुडघा, काठीची गाठ, जिथं जिथं उजेड टेकला असता तिथं तिथं.

डोळ्यांना मी महिनाभर हात लावला नाही. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती सगळ्यात सरावलेल्या हाताकडे जाते. मूर्ती पूर्ण असते, तरी तोवर ती पाहत नसते. मिनी रंगवणारे बरेच जण मात्र डोळे आधी करतात, कारण चुकलं तर भोवतालच्या कातडीच्या रंगानं सावरता येतं. मला ते जमेना. सगळं संपल्यावर दोन्ही मनगटं एकमेकांवर टेकवली, श्वास सोडला आणि श्वास संपतो त्या जागी ठिपका ठेवला. शुभ्र पांढरा नाही घेतला, त्यानं डोळे वटारल्यासारखे दिसतात. मळकट पांढरा, आणि त्यात एक काळा कण. तिनं पाहिलं.

आम्ही साताऱ्याला राहत होतो तेव्हा दिवाळीत अंगणात किल्ला असायचा. पोत्यावर माती, मातीत पेरलेले अळीव, आणि कुंभाराकडून आणलेले मावळे. त्या मावळ्यांना लाल, पिवळा, पांढरा असे तीनच रंग, तेही भरभर फासलेले. चुण्या नाहीत, छाया नाही, मिशी एका फटकाऱ्याची. दिवसा ते साधेच दिसायचे. संध्याकाळी किल्ल्यावर पणत्या लावल्या की त्यांच्या सावल्या तटावर चढायच्या. चेहऱ्यांना कंगोरे यायचे, भाले हलायचे. मला तेव्हा वाटायचं, अंधारात ते जागे होतात. त्यांचा उजेड त्यांच्या मापाचा होता, हे मला पन्नाशीत, एका परक्या जादूगारणीच्या झग्यापाशी कळलं. एक इंचाची ज्योत तिच्या मापानं पाच फुटांची, म्हणजे शेजारी पेटलेली होळीच. कुंभारानं सावली रंगवली नाही, कारण ती पणती देणार होती.

या दिवाळीत सोसायटीतल्या मुलांनी खाली किल्ला केला. मुलगी म्हणाली, "चल ना, तिला नेऊन ठेवू." कोपऱ्यात आरशाचं तळं होतं, त्याच्या काठी ठेवलं. मुलांनी पणती लावली आणि मी वाकून पाहिलं. माझा रंगवलेला उजेड वरून येत होता, दुपारच्या सूर्यासारखा खांद्यांवर बसलेला. पणतीचा उजेड खालून, घोट्यांकडून चढत होता. झग्याच्या ज्या घड्या मी काळ्या केल्या होत्या, नेमक्या त्याच आता पेटायला हव्या होत्या, पण काळ्या रंगात उजेडाला धरायला काही नव्हतं. दोन दिवे एकाच अंगावर भांडत होते. शेजारचा तीन रंगांचा मावळा मात्र त्या ज्योतीत शांत उभा होता.

भाऊबीज झाली. हवा आता कोरडी आहे, स्प्रे नीट बसतो. काल एक नवी मिनी गॅलरीत नेली आणि पूर्ण काळी केली. रंगवणाऱ्यांची रीत अशी, की काळ्यावर पांढऱ्याचा एक हलका फवारा डोक्याच्या वरून मारायचा, सूर्य येतो तिथून. तो जिथं बसेल तिथं उजेड, जिथं पोचणार नाही तिथं सावली. मी झाकण हातात आडवं धरलं, मिनीचे पाय माझ्याकडे केले आणि पांढरा पायांकडून सोडला. हनुवटीच्या खालची बाजू उजळली. कपाळ काळंच राहिलं. झग्याच्या पोटातल्या घड्या एकेक करून वर आल्या.

वाळायला ठेवली आहे. आज रात्री तिला केशरी रंग लावायचा आहे, पावलांपाशी सगळ्यात पिवळा.