अंथरुणाएवढे गाव

शेवगाव तालुक्यात कोणत्याही गावी पाण्याची बैठक घेतली की हिवरे बाजारचे नाव निघते. आणि नाव निघाले की पाठोपाठ एक बोलणे ठरलेले असते, "साहेब, तिथं पोपटराव हायेत. आपल्याकडं कोण हाय?" कृषी विस्ताराच्या नोकरीत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यावर एकदा नीट विचार करणे भाग पडले.

हिवरे बाजार आपल्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यात. शिवार सुमारे ९७७ हेक्टर, लोकवस्ती सव्वा हजाराच्या आसपास, पाऊस सरासरी ४०० मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळाने गाव खचले. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, दारूच्या भट्ट्या लागल्या. सरकारी नोकराला तिथली बदली म्हणजे शिक्षा वाटे. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री ग्रामसभेने घेतली. पुढे आणखी नियम झाले. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिके टाळायची, गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. पूर्वी गावात दिवसाला जेमतेम दीडशे लिटर दूध निघे, ते पुढे चार हजार लिटरपर्यंत गेले. शहरात गेलेली कुटुंबे परत आली.

या साऱ्याच्या मुळाशी एक हिशेब आहे. पावसाळा सरला की गावात किती पाऊस झाला, विहिरींत किती पाणी आहे हे मोजतात आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरवतात. हा हिशेब अवघड नाही, आपणही मांडून पाहू.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. आता सव्वा हजार वस्तीचे गाव धरा. माणशी रोज ५५ लिटर धरले तर साऱ्या गावाला पिण्या-सांडायला वर्षाकाठी अडीच कोटी लिटर पाणी लागते. आणि पाटाने पाणी देऊन एक हेक्टर ऊस वाढवायला किती लागते? तेही अडीच कोटी लिटरच्या घरात! म्हणजे अडीच एकर ऊस म्हणजे पाण्याच्या दृष्टीने आणखी एक अख्खे गाव. शिरगणतीत सव्वा हजार माणसे लिहिली जातात, पण शिवारात दहा हेक्टर ऊस असेल तर पाणी पिणारी आणखी दहा गावे तिथे बसली आहेत. गाव माणसांनी तहानत नाही, पिकांनी तहानते. आणि हंडा घेऊन उन्हात उभी राहते ती मात्र घरची बाई.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पोपटराव नसतील तर काय? त्यासाठी जरा दूर जाऊ. स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात, डोंगराच्या उतारावर टोर्बेल नावाचे लहानसे गाव आहे. वस्ती पाचशेच्या आसपास. बर्फाचा देश असला तरी तो भाग कोरडा, तिथल्या लोकांनी पाट काढून कुरणे भिजवली. डोंगरावरचे उन्हाळी कुरण साऱ्या गावाचे सामायिक, जसे आपले गायरान. १४८३ साली गावकऱ्यांनी करार लिहून काढला. बाहेरच्याने गावात जमीन घेतली तरी सामायिक कुरणावर त्याचा हक्क नाही, असे त्यात आहे. १५१७ साली दुसरा नियम झाला. हिवाळ्यात आपल्या गवतावर जितक्या गाई जगवता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या. जास्त सोडल्यास दंड, आणि दंड करणाऱ्या गावकामगाराला त्यातला निम्मा वाटा. रॉबर्ट नेटिंग या अमेरिकन अभ्यासकाने त्या गावावर १९८१ साली ग्रंथ लिहिला. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी त्याचा दाखला घेतला. सामायिक साधनांच्या अभ्यासासाठीच त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्या गावाचे कुरण शतकानुशतके टिकले ते कोणा एका पुढाऱ्यामुळे नव्हे. पुढारी आले नि गेले, लिहिलेला नियम राहिला. नियम साधा होता, मोजता येत होता आणि मोडणाऱ्यावर नजर ठेवणारा गावचाच होता. हिवरे बाजारातही तीस वर्षांच्या बिनविरोध परंपरेनंतर जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीचे मतदान झाले. सातही जागा पवारांच्या गटाकडे गेल्या. मतदान झाले म्हणून नियम मोडले नाहीत, हे मला जास्त मोलाचे वाटते. पुढारी गावाला वाटेवर आणतो, पण वाटेवर ठेवतो तो नियम.

आपल्या तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आणि नाथसागराचे पाणी, तर बोधेगावच्या बाजूला कोरडवाहू शिवार. तिथली माणसे दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पाणी असलेल्याने ते मोजले नाही तर जमीन खारवते, नसलेल्याने मोजले नाही तर बोअरवर बोअर घेत घर कर्जात बुडते. मोजणे दोघांनाही चुकत नाही.

कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात, आणि सभेआधी महिलांची वेगळी सभा. २ ऑक्टोबरची सभा पावसाळा सरतानाच येते. त्या दिवशी हारतुरे थोडक्यात आटोपावे. तलाठ्याकडून पावसाचा आकडा घ्यावा, दहा-बारा विहिरींत दोर सोडून पाण्याची पातळी मोजावी, माणसे आणि जनावरे यांचे पाणी आधी बाजूला काढावे आणि उरलेल्यात ज्वारी किती, हरभरा किती, ऊस किती ते फळ्यावर लिहावे. सभेत भांडण होईल, होऊ द्यावे. उन्हाळ्यात टँकरपुढे होणाऱ्या भांडणापेक्षा ते पुष्कळ बरे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले वाडवडील सांगत आले. पण त्यासाठी अंथरूण आधी मोजावे लागते.